पाय वर

दीक्षा मैदानातल्या मातीत पालथी झाली, फोन जमिनीला टेकवला आणि एक डोळा मिटून वाट बघत राहिली. समोरून स्कूटी येत होती. येत कसली, रांगत होती. अंबूबाईंचे दोन्ही पाय मातीत दोन चर ओढत होते आणि मागचं कॅरियर धरून आम्रपाली मावशी पळत होती.

"खाली काय बघताय, अंबूबाई? सोनं सांडलंय का? मान वर. पाय वर."

"पाय वर घेतलं तर पडंन की मी."

"पडा. मी आहे ना मागं."

अंबूबाई चाकणच्या बाजारात कांदा निवडायला जायच्या. घरात सुना आणि बाजारात हमाल, दोघांनाही त्यांचा धाक. पण हँडल हातात आलं की त्यांचा आवाज पहिलीतल्या मुलीसारखा व्हायचा. फोनच्या अगदी जवळ आल्यावर त्यांनी डावा पाय उचलला. खाली टेकवला, परत उचलला. मग उजवा. दोन्ही पाय फुटबोर्डवर गेले आणि चाक दीक्षाच्या नाकासमोरून सुळकन निघून गेलं. तिच्या तोंडात माती गेली, आणि ती मातीसकट हसली. हेच हवं होतं तिला. चेहरा नको, पदर नको. नुसते पाय, जमिनीवरून सुटणारे.

दीक्षा दहावीत होती. मागच्या गॅदरिंगचं सूत्रसंचालन केल्यापासून तिची खात्रीच पटली होती, की आपल्याला न जमणारी गोष्ट अजून कुणी तयार केलेली नाही. मावशीच्या क्लासची जाहिरात मात्र तशी गोष्ट निघायच्या बेतात होती.

आम्रपाली मावशी आधी चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. बस चुकली की खाडा, म्हणून कुणाची तरी जुनी स्कूटी घेऊन ती आपली आपणच शिकली, गुडघे फोडून घेत. मग लाइनवरच्या मैत्रिणींना शिकवलं, मग त्यांच्या नणंदांना, आणि एक दिवस काम सोडून तिने चिखलीतल्या या मोकळ्या मैदानाच्या कडेला बाभळीला बोर्ड बांधला: 'स्कूटी शिका. फक्त महिलांसाठी.' बायका आल्या, खूप आल्या. पण यंदा स्पाइन रोडला गुलाबी गाड्यांची, एसी ऑफिसवाली ड्रायव्हिंग स्कूल निघाली, आणि सकाळी मावशीच्या मैदानावर बायकांपेक्षा कुत्रीच जास्त दिसायला लागली. दिवाळीपर्यंत बघायचं, नाही तर गाड्या विकून परत पॅकिंगला उभं राहायचं, असं मावशीने ठरवलं होतं. कॉन्ट्रॅक्टरचा फोनही येऊन गेला होता. हे सगळं मावशीने हसत हसत सांगितलं, पण सांगताना हातातल्या फडक्याने ती गाडीचा पुसलेला आरसा पुन्हा पुन्हा पुसत होती.

अडचण अशी होती की हा धंदाच जगावेगळा. कुठे मिसळ चांगली मिळाली तर माणूस चार जणांना सांगतो. इथे सगळं उलटं. गाडी शिकायला लागल्याची गोष्ट बायका पोटातल्या बाळासारखी सुरुवातीला झाकून ठेवायच्या. आधी सांगितलं आणि नाही जमलं तर? सासू हसणार, दीर हसणार, गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा हसणार. म्हणून कुणी दळणाचा डबा घेऊन घरातून निघायची, कुणी देवळात जाते म्हणून. आणि शिकून झाल्यावर गल्लीतून तोऱ्यात गाडी फिरवली, कुणी विचारलं, तर सांगायची, भावाने शिकवली. चिखली-मोशीतल्या निम्म्या बायकांना त्यांच्या भावांनी शिकवलं होतं, आणि ते सगळे भाऊ म्हणजे एकटी आम्रपाली मावशी.

दीक्षाने आधी गूगलवर मावशीच्या क्लासचं पान उघडलं. शिकून गेलेल्या बायकांना फोन करकरून स्टार द्यायला लावले. स्टार आले. एकीने तर खाली लिहिलंसुद्धा: 'ब्लाउजची फिटिंग उत्तम.' तिला घरी कळू द्यायचं नव्हतं, पण मावशीबद्दल चांगलं काहीतरी लिहायचं होतं. त्यानंतर मावशीला आलेला पहिला फोन साडीला फॉल लावून द्याल का, असं विचारणारा होता.

मावशी पोट धरून हसली. दीक्षा नाही हसली. ज्यांना दिसायचंच नाही त्यांना दाखवायचं कसं, हे कोडं तिने शाळेत नेलं, भूगोलाच्या तासाला समोर ठेवलं, आणि बाकाखाली स्वतःचे बूट हलवता हलवता तिला ते सुटलं.

मैदानावर फोन काढायचा नाही, हा मावशीचा पहिल्यापासूनचा नियम. तो मोडायच्या आधी मावशीने प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारलं. गुडघ्याच्या वरचं काही दिसणार नाही, असा शब्द दिला. मगच दीक्षाला मातीत लोळायची परवानगी मिळाली.

व्हिडिओत अंबूबाईंच्या भेगाळलेल्या टाचा होत्या. दिपालीचे कॉलेजचे पांढरे बूट होते. फॅक्टरीतून सुटून थेट मैदानावर येणाऱ्या एकीचे ग्रीसचे डाग पडलेले सेफ्टी शूज होते, आणि सुमनताईंची निळी चप्पल, बोटांत जोडवी. सगळे पाय आधी माती ओढत येत होते आणि मग एकेक करून वर जात होते. आवाज फक्त मावशीचा: पाय वर, पाय वर. दीक्षाने खाली लिहिलं, 'चेहरा दाखवायची गरज नाही. पाय वर घ्या, बाकी मावशी बघेल.' आणि मावशीचा नंबर.

तो व्हिडिओ पळत सुटला. या फोनवरून त्या फोनवर, भिशीच्या ग्रुपवरून सोसायटीच्या ग्रुपवर. मावशीचा फोन दिवसभर वाजायला लागला. फोन करणाऱ्या सगळ्याजणी अगदी हळू बोलायच्या, आणि त्यांच्या मागे नळ सोडलेला असायचा किंवा कुकरच्या शिट्ट्या. मावशीही मग तसंच कुजबुजायला लागली, स्वतःच्या घरात एकटी असताना. दीक्षा तिची नक्कल करून आईला दाखवायची आणि दोघी लोळायच्या. कॉन्ट्रॅक्टरला आता नाही म्हणून टाक, असं आई म्हणाली. दिवाळी होऊ दे, मावशी म्हणाली.

आणि मग एका सकाळी सुमनताई आल्याच नाहीत.

सुमनताई मावशीच्या लाडक्या. बोलायला कमी, पण गाडीवर बसल्या की ओठ घट्ट मिटून हँडल असं धरायच्या, जसं कुणी ते हिसकावूनच घेणार होतं. त्यांचे यजमान हिंदुराव, साताऱ्याकडचे, एका मोठ्या कंपनीत मेंटेनन्सला फिटर. सुमनताईंच्या भावाने, रणजीतने, नवी गाडी घेताना जुनी स्कूटी बहिणीकडे ठेवली होती. ती जिन्याखाली कव्हर घालून उभी. मी शिकवतो की येत्या गुरुवारी, असं हिंदुराव म्हणायचे, कारण कंपनीला सुट्टी गुरुवारी. गुरुवार यायचा. कधी प्लग खराब निघायचा, कधी टायरात हवा नसायची, कधी ऊनच फार असायचं. असे कितीतरी गुरुवार गेल्यावर सुमनताईंनी त्यातून जो अर्थ निघतो तो काढला, की ह्यांना मी शिकायला नकोय. आणि दळणाचा डबा उचलून त्यांनी मैदान गाठलं होतं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मावशी दीक्षाच्या घरी चहा पीत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि कप खाली ठेवला.

हिंदुरावांच्या कंपनीच्या बसचा एक ग्रुप होता. बस कुठे पोचली, कोण कुठल्या चौकात चढणार, कुणाच्या घरी गावचा इंद्रायणी तांदूळ विकायला आलाय, सगळं त्या ग्रुपवर. तिथे तो व्हिडिओ आला. हिंदुरावांनी जेवता जेवता पाहिला. पुन्हा पाहिला. मग ताटावरून वाकून त्यांनी सुमनताईंच्या पायाकडे पाहिलं. मागच्या आजारपणात सुमनताई वाळल्या आणि त्यांचं एक जोडवं सैल झालं. ते कुठे गळून पडू नये म्हणून हिंदुरावांनीच त्याला टेप गुंडाळून दिली होती, नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी. व्हिडिओत ती टेप सकाळच्या उन्हात चमकत होती.

ओरडले असते तर बरं झालं असतं, सुमनताई म्हणाल्या. पण ते एवढंच म्हणाले, "टेप बदलायला झाली," आणि हात धुवायला उठले. तेव्हापासून बोललेले नाहीत. इतकी वर्षं मी शिकवतो म्हणणाऱ्या माणसाला न सांगता मी बाहेर जाऊन शिकले, त्यांना ते लागलं असणार. आता नाही यायची मी.

फोन बंद झाला. चहावर साय धरली होती.

"काढ तो व्हिडिओ," मावशी म्हणाली.

दीक्षा खूप बोलली. आता काढून काय उपयोग, तो सगळीकडे पोचलाय. तेवढा सुमनताईंचा तुकडा कापते. दिवाळी तोंडावर आली आहे. अजून निम्म्या बायका नुसतं विचारून गेल्यात, यायच्या राहिल्यात. कॉन्ट्रॅक्टरचंही तिने काढलं, आणि काढल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं.

"आज जोडवं ओळखलं, उद्या कुणाची टाच ओळखतील," मावशी म्हणाली. "त्या माझ्या शब्दावर उभ्या राहिल्या होत्या, दीक्षा."

दीक्षाने व्हिडिओ काढला. बोट स्क्रीनवर टेकवायला तिला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मावशीने सगळ्यांना सांगितलं, की चूक झाली, टेप मला दिसायला हवी होती. मला, असं म्हणाली. दीक्षाचं नावही घेतलं नाही. गॅदरिंगला माइक हातातून न सोडणारी दीक्षा बाभळीखाली मागेच उभी राहिली. शेवटी तिने मावशीच्या खांद्यावरचं फडकं ओढून घेतलं आणि गाड्यांचे आरसे पुसायला लागली. अंबूबाई म्हणाल्या, माझ्या टाचा कुणी वळखल्या तर वळखू द्या, घाबरतंय कोण. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीही पायात मोजे घातले होते.

फोन हळूहळू थांबले. कॉन्ट्रॅक्टरने पुन्हा विचारलं, आणि मावशीने त्याला रविवारी सांगते असं सांगितलं. या वेळी ते सांगताना ती हसली नाही.

गुरुवारी सकाळी, बायका अजून यायच्या होत्या, तेव्हा मैदानाच्या कडेने एक माणूस चालत आला. पांढरा शर्ट, सुट्टीच्या दिवशीसुद्धा पायात कंपनीचे सेफ्टी शूज. उजवा पाय जरासा बाहेर टाकत तो बाभळीपाशी येऊन थांबला आणि त्याने बोर्ड वाचला. एवढासा बोर्ड, पण वाचायला त्याला बराच वेळ लागला.

"मी हिंदुराव," तो म्हणाला. "सुमनचा मालक."

दीक्षाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिला वाटलं, आता सगळं सांगून टाकावं, की मीच तो व्हिडिओ काढला, मावशीची काही चूक नाही. पण मावशी पुढे झाली, जय भीम म्हणाली, आणि सुमनताईंनी सांगायच्या आधीच घरी कळलं ही माझी चूक आहे, बोलायचं ते मला बोला, असं म्हणून हात बांधून उभी राहिली.

हिंदुरावांनी नमस्कार केला. ते स्कूटीजवळ गेले. सीटवरून हात फिरवला. ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. प्लग काढून साफ करायचा असता तर त्यांनी डोळे मिटून केला असता, हे त्या बोटांकडे बघूनच कळत होतं.

"सुमनला वाटतंय, मला तिनं शिकायला नको हाय," ते गाडीकडेच बघत म्हणाले.

"मग?"

"मी शिकवतो म्हणालो व्हतो तिला."

"म्हणाला होतात."

रस्त्यावरून एक कंपनीची बस गेली. ती वळणाआड जाईपर्यंत त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"नोकरीला लागल्यापासनं बस दाराशी यायची," ते म्हणाले. "गाडी कधी लागलीच न्हाई."

दीक्षाला क्षणभर काही कळलं नाही, आणि मग एकदम सगळे गुरुवार कळले. तिने चटकन मान खाली घालून आरसा पुसायला घेतला. मावशीचा चेहरा मात्र हललाही नाही. अंबूबाईंना पडा म्हणताना जसा असायचा, तसाच होता.

"सगळ्यांना वाटतं, बाप्या माणसाला येतच असंल," हिंदुराव म्हणाले. मग बोर्डाकडे बोट केलं. "पर हितं तर फक्त महिलांसाठी लिवलंय."

"उजाडायच्या आधी बोर्ड कुणाला दिसतो?" मावशी म्हणाली.

हिंदुरावांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. पुढच्या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळी, असं ते पुटपुटले.

"सुमनताईंना काय सांगू?"

"तिला म्हणावं, ये उद्यापासनं. मीबी सांगतो. पर माझं..."

"शिकून होईपर्यंत इथे कुणाचंच सांगत नाहीत."

जाताना ते चार पावलं जाऊन थांबले आणि वळून म्हणाले, की तो व्हिडिओ का काढून टाकला, बसमधली माणसं आपापल्या घरच्यांसाठी नंबर विचारतायत. सुमनच्या तेवढ्या पायांचं काय करायचं, मावशीने विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. टेप चांगली गुंडाळलीय मी."

व्हिडिओ परत चढला, पण मावशीने पुन्हा एकदा प्रत्येकीला विचारल्यावरच. सुमनताई आल्या, दळणाच्या डब्याशिवाय, हात मोकळे हलवत. जोडव्याला नवी टेप होती. त्यांचे हात मोकळे पाहून अंबूबाईंनी विचारलं, की आज गिरणी बंद हाय व्हय, आणि सुमनताई पदर तोंडाला लावून हसल्या. कुजबुजणारे फोन पुन्हा सुरू झाले. रविवारी कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला तेव्हा मावशी मैदानावर कुणाच्या तरी मागे पळत होती. तिने धापा टाकतच त्याला सांगितलं, की आता जमायचं नाही, आणि तुमच्या मिसेसना शिकायचं असेल तर पाठवा.

दीक्षाला दुसरा व्हिडिओ करायचा होता, कोवळ्या उजेडातला. तू नेहमीच्याच वेळी ये, असं मावशीने बजावलं होतं, पण कोवळा उजेड नेहमीच्या वेळी नसतो. ती पहाटे सायकल घेऊन निघाली आणि मैदानाच्या तोंडाशीच थांबली.

धुरकट उजेडात स्कूटी येत होती. दोन जड बूट मातीत रुंद चर ओढत होते. मागे मावशी पळत होती, कॅरियर धरून, एरवीपेक्षा जास्त वाकून, कारण वजन जास्त होतं.

"खाली काय बघताय? सोनं सांडलंय का?"

नुसता दात आवळून घेतलेला श्वास ऐकू आला. डावा बूट उचलला गेला, धपकन खाली आला. परत उचलला. मग उजवा, जरासा बाहेर जाऊन, हळूच वर. आणि मग दीक्षाला दिसलं की मावशीचे हात कॅरियरवर नाहीत. ती कॅरियरच्या मागे तशीच पळतेय, हात पुढे धरून, पण न शिवता. गाडी एकटीच चालली होती. पुढच्या माणसाला ते माहीत नव्हतं.

दीक्षाने ते टिपलं. गुडघ्याखालचंच. नंतर घरी तिने ते पुन्हा पुन्हा पाहिलं, एकेक कोपरा. उजव्या बुटाच्या लेसचं टोक उसवू नये म्हणून त्याला पांढरी टेप गुंडाळलेली होती, अगदी सफाईने. दीक्षाने चौकट सरकवून ते टोक बाहेर ठेवलं. मग ते मावशीला पाठवलं, आणि खाली लिहिलं, त्यांना विचारल्याशिवाय कुठेही जाणार नाही. मावशीने ते विचारलं. हिंदुरावांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं म्हणे, आणि मग म्हणाले, कंपनीतल्या कुठल्यातरी बाईचे वाटतात. टाका.

दुसऱ्या व्हिडिओची सुरुवात त्या बुटांनीच झाली. लोकांनी खाली लिहिलं, सलाम ताई, ड्युटी करून शिकताय.

सुमनताईंना तो दीक्षाने मैदानावरच दाखवला. त्या गाडीवर बसलेल्या होत्या, हेल्मेटचा पट्टा लावत. पट्टा तसाच सोडून त्यांनी फोन हातात घेतला.

"ही नवीन आहे का गं?"

"नवीन आहे," दीक्षा म्हणाली आणि मावशीकडे बघायचं टाळलं.

सुमनताईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. बूट माती ओढत आले. डावा वर गेला, खाली आला, परत गेला. मग उजवा, जरासा बाहेर टाकून. सुमनताईंचं बोट तिथे स्क्रीनवर थांबलं. त्या कितीतरी वेळ त्या थांबलेल्या बुटाकडे बघत राहिल्या. मग फोन त्यांनी दीक्षाला परत दिला, वाकून पायाच्या बोटातलं जोडवं उगाचच नीट केलं आणि हेल्मेटचा पट्टा लावला.

"धीट आहे गं बाई," त्या म्हणाल्या. "शिकू दे तिला. गडबड करू नको म्हणावं."

त्यांनी गाडी चालू केली. मावशी मागे धावली, पण तिने तोंड उघडायच्या आतच सुमनताईंचे दोन्ही पाय वर होते.